बिनबैलाची गाडी आणि सुंदरामावशीचं दाभण

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘कामातल्या गोड आठवणी’ मागितल्या. मी त्यांना तोंडावरच सांगितलं की गोड असं आमच्या कामात फारसं काही नसतं. लोक शिव्या देतात, चहा पाजतात आणि पुन्हा शिव्या देतात. तरी त्यांनी पानं राखून ठेवली, तेव्हा आता वाचकांनी मला दोष देऊ नये.

मी नगर जिल्ह्यात गावोगाव हिंडून बुवाबाजी आणि भुताखेतांविरुद्ध बोलतो. पत्रकं लिहितो, छापून आणतो, बाजारात उभा राहून वाटतो. कॉलेज अर्धवट सोडलं ते यासाठीच. घरचे म्हणतात, हा काही धंदा नाही. धंदा नसेल, पण काम आहे, आणि कुठल्याही कामासारखी त्याची एक रीत आहे. भाषणाला माणसं जमत नाहीत, जादूला जमतात. म्हणून आधी जादू करायची आणि मग ती फोडायची. मुठीतून राख काढायची आणि नंतर राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात कशी धरली होती ते दाखवायचं. पहिला भाग लोक डोळे फाडून बघतात. दुसरा भाग सुरू झाला की त्यांना जनावरांची वैरण आठवते. या दुसऱ्या भागासाठी माणसं बसवून ठेवणं, हे आमचं खरं कसब. ते मला अजून पुरतं जमलेलं नाही.

ते जमावं म्हणून जोसेफदादांनी गाडी केली.

जोसेफदादा श्रीरामपूरला रेडिओ दुरुस्त करतात. चाळिशीचा माणूस, रविवारी चर्चला जाणारा, आणि तरी अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या मंडळात. मी एकदा त्यांना विचारलं की हे दोन्ही तुम्हाला कसं जमतं. ते म्हणाले, “अहो पत्रकवाले, मी देवाला मानतो. देवाच्या नावावर दुसऱ्याच्या घरात घुसणाऱ्याला मानत नाही.” तेव्हापासून त्यांनी मला पत्रकवाले हेच नाव ठेवलं आहे.

गाडी म्हणजे हातभर लांबीची खेळण्यातली मोटार. पत्र्याचं अंग, बॅटरीवरच्या ग्रामोफोनची मोटर, टॉर्चचे सेल, आणि रबरी स्लिपर कापून केलेली चाकं. वेगळी एक पेटी, तिला लांब एरियल आणि दोन बटणं. एक दाबलं की गाडी चालते, दुसरं दाबलं की वळते. मध्ये तार नाही, दोरी नाही. पेटीतून रेडिओच्या लहरी निघतात आणि गाडीतलं यंत्र त्या झेलतं. मला हीच गोष्ट लोकांना दाखवायची होती. दिसत नाही म्हणून ते दैवी ठरत नाही. लहरी दिसत नाहीत, पण त्या माणसानं बनवलेल्या पेटीतून निघतात.

माणसं जमली. राहात्याच्या बाजारात एक गृहस्थ गाडीच्या मागे मागे चालत शेवटपर्यंत आले आणि म्हणाले, “हीच जरा मोठी करून द्या. नवरदेव बसंल एवढी.” राहुरीला शेतकीच्या विद्यार्थ्यांनी तिला नांगर जोडता येईल का, असं गंभीरपणे विचारलं. एकाहत्तरचं युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा एका स्टँडवर हवालदारांनी एरियल बघून आम्हाला चौकीत नेऊन बसवलं. खुलासा झाल्यावर सोडतील असं वाटलं, तर साहेबांनी गाडी टेबलाभोवती फिरवत संध्याकाळ केली. सेल संपले तेव्हा सुटलो.

पण गाडीत एक दुखणं होतं, आणि ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

खेडेगावचं अंगण म्हणजे काही सिमेंटची फरशी नव्हे. दगड, खड्डे, गवऱ्यांचे तुकडे. त्यावरून चालायचं तर चाक खालीवर व्हायला पाहिजे. त्यासाठी दादांनी पुढची दोन्ही चाकं दोन छोट्या हातांवर टांगली होती. जुन्या रेडिओच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापलेले हे हात. दाराची फळी बिजागरीवर फिरते तसा हात गाडीच्या अंगाशी एका पिनेवर फिरतो आणि वर बसवलेली स्प्रिंग त्याला पुन्हा खाली दाबते. सगळा धक्का येतो तो त्या पिनेवर. पहिल्या पिना खिळ्यांच्या होत्या, त्या पहिल्याच गावात वाकल्या. मग छत्रीची काडी लावून पाहिली. मग सायकलच्या चाकाची तार. तार बरी टिकायची, पण दगडावर जोरात आदळली की तीही वाकायची आणि चाक फेंगडं व्हायचं. दादा प्रत्येक वेळी तिला हातोडीनं सरळ करायचे आणि म्हणायचे, “लोखंड चांगलं पायजे. डोकं लावून उपयोग नाही.”

दुष्काळाच्या त्या दिवसांत पाथर्डीकडच्या भागात पाण्याचे टँकर फिरत होते. त्यातल्या एका टँकरच्या ड्रायव्हरशी माझी ओळख होती. तो श्रीरामपूरला स्टँडवर भेटला आणि म्हणाला, “तुमी भुताखेतावर बोलता ना? मग आमच्या एका गावात चला. तिथं एका म्हातारीची घागर रांगेत लावू देत न्हाईत. मी टँकर घिऊन जातो, समदं गाव भरतं, ती झाडाखाली बसून बघती. मला पानी गोड लागंना.”

गावातल्या एका घरात भानामती सुरू झाली होती. नगरच्या पूर्वेकडे भानामती म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. घरातल्या वस्तू आपोआप हलतात, मडकी पडतात, कपड्यांना भोकं पडतात. मग कुणीतरी करणी केली असं ठरतं, आणि ती करणारी जवळजवळ प्रत्येक वेळी एखादी एकटी बाई निघते. एखादा जमीनदार, एखादा सावकार भानामती करताना आजवर सापडलेला नाही. हे मी पत्रकात लिहिलं आहे, इथंही लिहितो, आणि पुढच्या वर्षीही लिहीन.

मी दोन रात्रींत पत्रक लिहून छापून घेतलं. मथळा मोठा होता. गठ्ठा काखोटीला मारला, गाडी पोत्यात घातली, आणि दादांना घेऊन टँकरमध्ये बसून त्या गावाला गेलो.

गाव छोटं, बाभळी आणि माळ. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली. ज्यांच्या घरी हा प्रकार चालला होता ते आबा गावातले कर्ते गृहस्थ. साठीचे, उंच, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी आम्हाला पाट दिला, चहा दिला. घरात ते, त्यांची बायको आणि सून कुसुम. मुलगा टोळीबरोबर कारखान्यावर होता. आबांची बायको सांगत होती: सुंदरा वाकळ शिवायला घरी आली होती, शिवण संपवून गेली, आणि तिसऱ्या दिवशी मडक्यांची उतरंड आपोआप कोसळली. तेव्हापासून सारखं काही ना काही पडत होतं.

सुंदरामावशीला मी टँकरपाशी पाहिलं. लिंबाखाली बसली होती. घागर शेजारी, पालथी. म्हातारी गावाची पोती आणि वाकळी शिवून पोट भरायची. आता कुणी शिवायला देत नव्हतं. पाणी ती कोसभर लांबच्या झिऱ्यावरून आणायची. मी तिच्यापाशी जाऊन म्हणालो, “मावशी, आज तुमचा न्याय करतो.” ती म्हणाली, “न्याव ऱ्हाऊ द्या. पान्याचा नंबर लावून दिला तरी लई झालं.”

दुपार कलल्यावर आबांच्या दारासमोर मंडळी जमली. दादांनी गाडी ठेवली. मी बटण दाबलं. गाडी चालली, वळली, पिंपळापर्यंत जाऊन परत आली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आता दुसरा भाग. मी म्हणालो, “बंधूंनो आणि भगिनींनो, हिला मंत्र नाही, तंत्र नाही. या पेटीतून न दिसणाऱ्या लहरी निघतात. दिसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.” आणखी बरंच म्हणालो. आबा शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “पावनं, येक इचारू का?”

“विचारा.”

“पेटी तुमच्या हातात. गाडी तिकडं पिपळापाशी. मधी दोरी न्हाई. खरं का?”

“खरं.”

“तुमी तिला हात लावला न्हाई.”

“नाही.”

“तरी गाडी हालली.”

“हालली.”

“मग आमची उतरंड हालली त्ये खोटं कसं? तुमच्याकडं लहरी हायत. सुंदराकडं दुसरं काय तरी आसंल. लांबून वस्तू हालती, ह्ये तर तुमीच दाखीवलं.”

माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “आबा बराबर बोलले.” दुसरा म्हणाला, “म्हातारीची पेटी हुडका मग.” लिंबाखालची मावशी उठून उभी राहिली होती, ती पुन्हा खाली बसली.

इतक्या सभा मी घेतल्या, पण असा वार कुणी केला नव्हता. मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. जे काही बोललो ते मोठ्यानं बोललो, आणि बोलता बोलता बटण दाबून धरलं. गाडी सरळ दगडांच्या राशीत गेली. कट्ट असा आवाज झाला आणि पुढचं डावं चाक आडवं पडलं.

“बैल बसला,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आबाही हसले. “पावनं, तुमच्या लहरी दमल्या वाटतं.”

दादांनी गाडी उचलली, उलटी केली, पोटावरचा पत्रा काढला आणि जमिनीवरच मांडी घातली. तार अशी वाकली होती की सरळ करताना तुटलीच. सायकलच्या चाकाची शिल्लक तार आम्ही आधीच्या गावांत संपवली होती. दादा वर बघून म्हणाले, “कुनाकडं दाभण हाय का? जाड, पोती शिवायचं?”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

मावशी लिंबाखालून म्हणाली, “माझ्याकडं हाय. पर माझं चालंल का?”

दादा म्हणाले, “वाकत तर न्हाई?”

“रोज पोतं शिवत हुते. अजून वाकलं न्हाई.”

“मग तेच पायजे. चूल हाय का तुमच्याकडं? चला.”

आणि दादा गाडी, कानस, बारीक तारेची गुंडाळी असं सगळं उचलून मावशीच्या मागं चालू लागले. मीही निघालो. मग एक विचित्र गोष्ट झाली. बसलेला बैल पुन्हा उठतो की नाही हे बघितल्याशिवाय कुणाला घरी जायचं नव्हतं. ज्या अंगणाला गावानं कित्येक आठवडे पाय लावला नव्हता, त्या अंगणात बघता बघता सगळं गाव येऊन उभं राहिलं. आबाही आले. कुंपणाच्या काट्यांपाशी थबकले, मग आत आले.

दाभणाचं पोलाद कडक. ते सरळ कापायला गेलं तर कानस नुसती घसरते. दादांनी मावशीला जुनं फडकं ओलं करून मागितलं. ते दाभणाच्या मध्यभागी गुंडाळायचं, म्हणजे टोकं चुलीत तापून मऊ होतात आणि मधला भाग कडकच राहतो. मावशीनं मडक्यातून पाणी ओतलं. मडकं जवळजवळ रिकामं होतं. दादांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “बास, बास.”

“वतू द्या की,” मावशी म्हणाली. “गाडीला तहान लागली आसंल.”

बायकांत हसू फुटलं. मावशीच्या बोलण्यावर कुणीतरी हसलं, ते किती दिवसांनी, मला माहीत नाही. मावशीचे डोळे मात्र तिच्या दाभणावर होते. दादांनी तापवलेल्या टोकांवर खाचा पाडल्या, मधोमध मोडलं, आणि एका दाभणाच्या दोन पिना झाल्या. म्हणजे दोन्ही चाकांना नवी. मग माझ्या खिशातलं बॉलपेन काढून घेतलं, रिफील रिकामी करून तिच्या पितळी नळीचे तुकडे कापले, आणि हाताच्या भोकात बसवले. पोलाद पितळेत फिरलं की घासत नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते. त्यांचं ते सांगणं लोक माझ्या भाषणापेक्षा मन लावून ऐकत होते. मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

पिनेच्या खाचेत तार गुंडाळताना चाक कुणीतरी धरायला हवं होतं. कुसुम सगळ्यांत जवळ बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. दादा तिला म्हणाले, “पोरी, जरा ह्ये धर.” तिनं चाक धरलं. धरल्या धरल्या खालच्या आवाजात विचारलं, “पेटीबिगर ही चालती का?”

“न्हाई.”

“आन् ह्यातलं यंतर काढलं तर? नुसतं मडकं आसलं तर?”

“मग कसली चालती. मडकं हालवायचं तर हातच लावाय लागतो.”

ती म्हणाली, “मावशीचा हात न्हाई लागला.”

एवढंच. आजूबाजूच्या गलक्यात ते दादांनी ऐकलं आणि मी ऐकलं. तिच्या हातातलं चाक नव्या पिनेवर टकटक वाजत होतं, इतके हात थरथरत होते.

मी उठलो. अंगात वीज भरल्यासारखं झालं होतं. मला खरं सापडलं होतं. पत्रकाचा गठ्ठा काखेत होता, सगळं गाव समोर होतं, आणि कुठलीही शंका उरली नव्हती. दादांनी माझा सदरा धरून मला खाली ओढलं.

“कुठं?”

“दादा, ऐकलंत ना? आता सांगतो सगळ्यांना.”

“सांगा. मग उद्या टँकर आला की कुनाची घागर रांगेबाहेर जाईल?”

मी कुसुमकडे बघितलं. ती खाली बघत होती. मनगटावर काकणांच्या कडेनं जखमेचा जुना वण होता. नंतर ड्रायव्हरकडून मला समजलं की लग्न झाल्यापासून तिला माहेरी पाठवलं नव्हतं. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. आधी सासू आजारी होती, मग दुष्काळ पडला, मग नवरा उसाला गेला आणि घरात कामाला हात उरले नाहीत. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. पण ‘खरं सांगणं’ म्हणजे नक्की काय करणं, याचं माझं इतक्या दिवसांचं पाठ केलेलं उत्तर त्या अंगणात उपयोगाचं नव्हतं, एवढं मला दिसलं.

आबा पुढं आले. “झाली का दुरुस्त?”

“झाली,” दादा म्हणाले. “पर आबा, मघाशी तुमी येक इचारलं, त्याचं उत्तर ऱ्हायलंय. ही बघा गाडी उघडी हाय. लहर नुसती येऊन काय हुत न्हाई. ती झेलाय ह्यो यंतराचा डबा लागतो. फिरवाय मोटर लागती. चाकाला पिन लागती. येक पिन मोडली तर गाडी तुमच्या देखत बसली का न्हाई?”

“बसली.”

“मग तुमच्या घरातलं पडलेलं मडकं आना. त्यात पिन कुठं हाय ती दावा.”

कुणीतरी खरंच पळत जाऊन फुटक्या मडक्याचं मोठं खापर घेऊन आलं. ते हातोहात फिरलं. एकानं आत डोकावून बघितलं, एकानं ठोकून बघितलं. शेवटी ते आबांच्या हातात आलं. आबांनी ते उलटंसुलटं केलं, आणि त्यांनी जे विचारलं त्यासाठी मी त्यांना मानतो.

“मंग हालवतं कोन?”

दादा तार गुंडाळत राहिले, वर बघितलं नाही. बोलायचं माझ्यावर आलं. मी म्हणालो, “आबा, मावशी शिवण करून गेल्यावर तुमच्या घरात परत आली होती का?”

“न्हाई. उतरंड पडल्यापासनं तिला उंबरा वलांडू दिला न्हाई.”

“तरी मडकी पडत राहिली?”

“ऱ्हायली.”

“म्हणजे हात तिचा नाही. कुणाचा, ते मी बघितलेलं नाही.”

हे शब्दशः खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं भाषण.

आबांची नजर खापरावरून गाडीवर आली, गाडीवरून चाकावर. चाक अजून टकटक वाजत होतं. आबा त्या चाकाकडे बघत राहिले. सुनेच्या तोंडाकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, असं मला वाटलं. दादांनी हलकेच तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “सोड आता, पोरी. पिन बसली.”

“चालवा गाडी,” आबा म्हणाले.

मी चालवली. मावशीच्या अंगणातून, काट्यांमधून, दगडांवरून. चाक वर चढलं, खाली आलं, पिन वाकली नाही. आबा मंडळीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघितलं न्हवं? गेली भानामती. गाडीनं काढली. आता आमच्या घरात कायबी पडायचं न्हाई.”

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “पावनं, आता बोलू नका.”

मग पुन्हा मोठ्यानं: “उद्याच्याला सूनबाईला म्हायेरी धाडायची हाय. लई दिस झालं. आन् टँकर आला की सुंदराची घागर माझ्या घागरीमागं लागंल. कुनाला काय म्हनायचं आसंल त्यानं आत्ताच म्हना.”

एका म्हाताऱ्यानं कनवटीच्या पिशवीतून भंडारा काढला आणि गाडीवर उधळला. मग बायका आल्या. हळद, कुंकू, एकीनं तर नारळ फोडला. मी मंडळाचा कार्यकर्ता, भुताखेतांचा वैरी, हातात पेटी धरून उभा होतो आणि माझ्या गाडीची पूजा चालली होती. काखेतल्या पत्रकात मी जे जे लिहिलं होतं त्याच्या अगदी उलट घडत होतं. दादा म्हणाले, “चला, टँकर निघंल.” पत्रकाचा गठ्ठा मी परत आणला. त्यातलं एकही वाटलं नाही.

मंडळाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं तेव्हा माझी हजेरी घेतली गेली. एक विद्वान सदस्य म्हणाले की तुम्ही अंधश्रद्धा घालवायला गेलात आणि एक नवी देऊन आलात. मुद्दा बरोबर आहे. मी तो खोडू शकत नाही, आणि मला त्याचा रागही येतो. त्या गावाला अजून वाटतं की आमच्या गाडीनं भानामती काढली. हे खोटं आहे आणि ते खोटं राहू देणारा मी आहे. पण त्या सदस्यांना मी जे विचारलं ते इथंही विचारतो: त्या अंगणात तुम्ही कुणाचं नाव घेतलं असतं? ते म्हणाले, हा भावनेचा प्रश्न झाला. मी म्हणालो, हा पाण्याचा प्रश्न आहे. त्यावर बैठक तहकूब झाली.

आता आसपासच्या गावांतून निरोप येतात, ‘ती गाडी घेऊन या, आमच्याकडं पण काढायची हाय.’ आम्ही जातो. गाडी उघडून दाखवतो, मग त्यांच्या घरातलं मडकं मागवतो आणि विचारतो, यात पिन दाखवा. मंडळी दुसऱ्या भागाला उठून जात नाहीत. कुठल्याही बाईचं नाव घ्यायच्या आधी लोक आता मडक्यात डोकावतात, एवढं तरी आमच्या पदरात पडलं आहे. पिना त्याच आहेत, दाभणाच्या. अजून वाकलेल्या नाहीत. पितळी नळ्या मात्र घट्ट होतात, कारण भंडारा तेलात मिसळून आत बसतो. दादा दर वेळी घासलेटानं धुतात. फडक्यावर पिवळं येतं.

काही महिन्यांनी मी पुन्हा त्या गावी गेलो. एका दाभणाचं देणं होतं, म्हणून नगरच्या बाजारातून नवी दाभणं घेतली होती. टँकर नुकताच आला होता. रांगेत आबांची घागर, मागं मावशीची, आणि तिच्या मागं माहेराहून आलेली कुसुम. तिनं मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. ते योग्यच केलं.

मावशीनं दाभणं हातात घेतली, एक अंगठ्याच्या नखावर दाबून बघितलं. “मऊ हायत. त्ये जुनं बरं हुतं.”

“काढून आणून देऊ का, मावशी?”

“चालतीया का अजून गाडी?”

“चालते.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, आणि पुढं आणखी काहीतरी म्हणणार होती. पण तेवढ्यात रांग सरकली, आणि ती आमचं बोलणं तिथंच टाकून घागर उचलून पुढं गेली.